चावी मालकाच्या हाती ठेवणारा सल्लागार

जून २०२२. पावसाळा नुकताच सुरू झालेला असताना राज्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर निरीक्षण यंत्रणेवर सायबर हल्ला झाला. प्रमुख नद्यांवरील १५ ठिकाणांहून पाण्याच्या पातळीची माहिती गोळा करून ती पणजीतील सर्व्हरवर साठविणारी ही यंत्रणा होती. हल्लेखोरांनी सर्व्हरवरील फायली कूटबद्ध करून टाकल्या आणि त्या मोकळ्या करण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. प्रकरण पोलिसांच्या सायबर कक्षाकडे गेले. सर्व्हर चोवीस तास इंटरनेटला जोडलेला, अँटिव्हायरसचा अभाव आणि जुनाट झालेली फायरवॉल, अशी कारणे त्यावेळी पुढे आली.

यातील एकही कारण गूढ तंत्रविद्येत मोडणारे नव्हते. संरक्षक प्रणाली चालू आहे काय, ती शेवटची कधी अद्ययावत केली आणि माहितीची दुसरी प्रत कुठे आहे, हे प्रश्न ठरावीक काळाने विचारणारी जबाबदार व्यक्ती असती, तर धोका आधीच नजरेस आला असता. यंत्रणा उभारणारे अनेक असतात, बिघडल्यावर दुरुस्त करणारेही मिळतात. पण ती बिघडण्यापूर्वी प्रश्न विचारणे हे ज्याचे काम आहे, असा माणूस बहुतेक ठिकाणी नसतो. सरकारी खात्याची ही स्थिती असेल, तर म्हापशातील घाऊक व्यापारी, कळंगुटमधील गेस्ट हाऊस, कुंडई किंवा वेर्णा औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योग आणि गावोगावच्या सहकारी पतसंस्था यांच्याकडून वेगळी अपेक्षा कशी करावी?

हीच उणीव भरून काढण्यासाठी ‘आभासी तंत्रज्ञान सल्लागार’ ही सेवा आता देशभरातील लहान व मध्यम व्यवसायांना देऊ केली जात आहे. मोठ्या कंपन्यांमध्ये मुख्य माहिती अधिकारी जे काम पूर्णवेळ करतो, तेच काम हा सल्लागार महिन्यातील काही तास, बहुतांशी दूरस्थ पद्धतीने आणि एकाच वेळी अनेक ग्राहकांसाठी करतो. येथे ‘आभासी’ या शब्दाने गोंधळ होऊ नये. हा संगणकावर उत्तरे देणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कार्यक्रम नव्हे. तो हाडामांसाचा माणूसच असतो, फक्त कार्यालयात त्याची खुर्ची नसते. प्रश्न आहे तो या बाजारात चांगला सल्लागार ओळखायचा कसा, हा.

गरज का वाढली?

राज्यातील बहुसंख्य व्यवसायांत तंत्रज्ञानाचा कारभार तीन-चार हातांत विखुरलेला असतो. संगणक एकाने विकलेले, लेखा प्रणाली दुसऱ्याने बसविलेली, संकेतस्थळ मालकाच्या एखाद्या भाच्याने तयार केलेले आणि इंटरनेटची जोडणी चौथ्याची. प्रत्येक जण आपापल्या तुकड्यापुरता जबाबदार. संपूर्ण चित्र कोणाच्याच डोळ्यांसमोर नाही. आजवर हे खपून गेले. यापुढे ते खपेलच असे नाही, कारण कायद्याने आता मुदती घातल्या आहेत.

‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळविणे कंपन्या व सेवा पुरवठादारांना बंधनकारक आहे, तसेच प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. लघुउद्योगांना दिलेली वाढीव मुदत त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये संपली. त्यानंतर आला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनंतर, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही कमाल मर्यादा असून दंड ठरविताना चुकीचे गांभीर्य पाहिले जाईल. तथापि लहान व्यवसाय म्हणून सरसकट सुटका मिळेल, या भ्रमात कोणी राहू नये.

पर्यटनावर जगणाऱ्या राज्यात याचा अर्थ अगदी घरगुती आहे. परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. त्यासाठी पारपत्राचे छायाचित्र घेतले जाते. अनेक ठिकाणी ते स्वागत कक्षातील सामायिक मोबाइलवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणात, वर्षानुवर्षे तसेच पडून असते. तो मोबाइल हरवला किंवा नोकरी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर गेला, तर किती जणांची पारपत्रे बाहेर गेली, हे सांगणारे कोणी नसते. या एका प्रश्नाला हात घालणारा सल्लागार दहा नवीन संगणक सुचविणाऱ्यापेक्षा मोलाचा.

आधी धंदा, मग यंत्र

चांगल्या सल्लागाराची पहिली खूण त्याच्या पहिल्या भेटीतच दिसते. तो सर्व्हरची खोली दाखवा म्हणत नाही. धंदा कसा चालतो ते विचारतो. पैसा कोणत्या महिन्यांत येतो? कोणते काम एक दिवस थांबले तर चालेल आणि कोणते एक तासही थांबता कामा नये? हॉटेलसाठी डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे वर्षाची कमाई. त्या आठवड्यात आरक्षण प्रणाली बदलण्याचा सल्ला देणाऱ्याला व्यवसाय कळलेला नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यासाठी वस्तू व सेवा कराच्या ११ आणि २० या तारखा महत्त्वाच्या. त्यांच्या आदल्या रात्री लेखा प्रणाली अद्ययावत करू नये, हे शहाणपण कोणत्याही प्रमाणपत्र परीक्षेत शिकवले जात नाही.

दूरस्थ सल्ल्यातील मोठा धोका इथेच आहे. महानगरातील वातानुकूलित कार्यालयात बसून सल्ला देणाऱ्याला इंटरनेट अखंड असते असे वाटते. सत्तरी किंवा काणकोणातील उद्योजकाला जून-जुलैत झाड कोसळले की वीज व तार दोन्ही कशी जातात, हे ठाऊक असते. सगळा कारभार क्लाउडवर न्या, असे सांगताना दुसरी जोडणी कोणती, ती बंद पडली तर पावती कशी फाडायची, हेही जो सांगत नाही, तो उंटावरून शेळ्या हाकतो. सल्लागार आभासी असला तरी ग्राहकाचा पाऊस खरा असतो. वर्षातून निदान एकदा तरी त्याने प्रत्यक्ष येऊन जागा पाहावी, ही अट त्यामुळे अवाजवी ठरत नाही.

पैसा कोणाकडून मिळतो?

दुसरी कसोटी अधिक अवघड आहे, कारण तिची चर्चा सभ्यतेपोटी टाळली जाते. सल्लागाराचे उत्पन्न नेमके कुठून येते? या सेवेचा उगम पाहिला तर प्रश्नाचे महत्त्व कळते. अमेरिकेत ग्राहकांची संगणक व्यवस्था कंत्राटाने सांभाळणाऱ्या कंपन्यांनी आपल्या सेवेच्या जोडीला असा सल्लागार देण्यास सुरुवात केली. त्यांतील काही जण खरोखर दिशा दाखवीत, तर काहींच्या बाबतीत ‘सल्लागार’ हे विक्री प्रतिनिधीचेच नवे नाव होते. आपल्याकडेही हेच दोन्ही प्रकार दिसणार.

एक उदाहरण घेऊ. ‘विंडोज १०’ या प्रणालीला मिळणारा सर्वसाधारण सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. समजा, एखाद्या व्यापाऱ्याकडे त्या प्रणालीवर चालणारे २० संगणक आहेत. विक्रीवर दलाली मिळविणारा सल्लागार म्हणेल, वीसच्या वीस बदला. दुसरा आधी यादी करील. ज्यांचे यंत्रसामर्थ्य पुरेसे आहे, ते संगणक विनाशुल्क ‘विंडोज ११’वर नेता येतात. ज्यांवर रोजचे पैशांचे व्यवहार होतात पण जे जुने आहेत, ते प्रथम बदलावेत. काहींसाठी मायक्रोसॉफ्टची सशुल्क वाढीव सुरक्षा घेता येते. व्यावसायिक ग्राहकांसाठी तिचा दर पहिल्या वर्षी प्रतिसंगणक ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो आणि ही सोय तीन वर्षांपुरतीच आहे. म्हणजे ती कायमचा तोडगा नाही, खर्च पुढे ढकलण्याची सवलत आहे. आणि गोदामातील जो संगणक केवळ वजनकाट्याला जोडलेला आहे, त्याचे इंटरनेटच काढून टाकले तर त्यातील मोठा धोका टळतो. दोन्ही सल्लागारांचे तांत्रिक ज्ञान सारखेच असेल. फरक पडतो तो बिल कोणाच्या हिताचे, यात.

म्हणून सल्लागाराने विक्रेत्यांकडून कमिशन घेऊ नये, किंवा घेत असल्यास ते लेखी उघड करावे, ही अट करारात असायला हवी. विकणाऱ्यानेच सल्ला देणे हा गुन्हा नाही; मात्र तो सल्ला म्हणून नव्हे, तर विक्रेत्याचे म्हणणे म्हणून ऐकावा. ‘खरेदीची गरज नाही’ असे सल्लागाराने वर्षभरात कितीदा सांगितले, हा त्याच्या निःपक्षपातीपणाचा साधा मापदंड ठरू शकतो. सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत जो आग्रह सर्वत्र चालला आहे, त्यालाही हेच माप लावावे. कोणते काम, किती वेळ वाचणार आणि ग्राहकांची कोणती माहिती त्या साधनाच्या हवाली होणार, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ‘घ्या’ म्हणणारा सल्लागार बाजारातील हवेबरोबर वाहत असतो.

तिजोरीची चावी

तिसरी कसोटी ही सर्वांत निर्णायक. संकेतस्थळाचे डोमेन कोणाच्या नावावर नोंदलेले आहे? ईमेल व क्लाउडचे सर्वोच्च अधिकार कोणाकडे? लेखा प्रणालीचा परवाना कोणाच्या ईमेल पत्त्यावर घेतला आहे? अनेक मालकांना याची उत्तरे ठाऊक नसतात. व्यवसाय त्यांचा, पाटी त्यांची, पण डिजिटल तिजोरीच्या चाव्या संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या मोबाइलमध्ये. संबंध बिघडले की आपल्याच नावाचे संकेतस्थळ परत मिळविण्यासाठी विनवण्या कराव्या लागतात.

चांगला सल्लागार पहिल्याच महिन्यात या चाव्या गोळा करून मालकाच्या स्वाधीन करतो आणि स्वतःकडे कामापुरताच अधिकार ठेवतो. आपण उद्या नसलो तरी परवा काम चालू राहील, अशी लेखी नोंदवही तो तयार करतो. वरवर पाहता हे त्याच्या स्वार्थाविरुद्ध आहे. ज्या सल्लागारावाचून ग्राहकाचे पान हलत नाही, त्याचे कंत्राट पक्के असते, असा समज आहे. प्रत्यक्षात अशी अगतिकता हा सेवेचा गुण नसून दोष आहे.

त्यामागे सुरक्षेचेही कारण आहे. २ जुलै २०२१ रोजी अमेरिकेतील कासेया या कंपनीच्या प्रणालीवर हल्ला झाला. ग्राहकांचे संगणक दुरून सांभाळण्यासाठी सेवा कंपन्या जी प्रणाली वापरीत, तिच्यातूनच रॅन्समवेअर पुढे पसरले. कंपनीच्या अंदाजानुसार ८०० ते १५०० व्यवसायांना त्याची झळ पोहोचली. स्वीडनमधील कूप या साखळीची शेकडो दुकाने गल्ल्यावरील यंत्रे बंद पडल्याने उघडता आली नाहीत. त्या दुकानांनी कोणतीही संशयास्पद फाईल उघडली नव्हती. त्यांच्या रक्षणासाठी ठेवलेल्या वाटेनेच चोर आत आला होता. कुंपणाने शेत खावे, तशातला हा प्रकार. ज्याच्याकडे पन्नास ग्राहकांची दारे उघडण्याचा अधिकार आहे, त्याचे स्वतःचे दार किती भक्कम, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. दुहेरी पडताळणी आहे काय, प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा पासवर्ड आहे काय, कर्मचारी सोडून गेल्यावर त्याचा प्रवेश किती तासांत बंद होतो, याची उत्तरे देताना जो चिडतो, त्याच्या हाती दार देऊ नये.

बॅकअप घेतलेला आणि तपासलेला

चौथी कसोटी संकटाच्या तयारीची. ‘बॅकअप आहे काय?’ या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी होकारार्थी उत्तर मिळते. ‘त्यातून माहिती परत मिळवून शेवटचे कधी पाहिले?’ असे विचारले की शांतता पसरते. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, कारण रॅन्समवेअर सर्व्हरबरोबर तीही कूटबद्ध करते. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम आजही पुरेसा आहे. सल्लागाराने दर तिमाहीत मालकासमोर एखादी फाईल, एखाद्या महिन्याची खतावणी प्रत्यक्ष परत मिळवून दाखवावी. जी प्रत परत मिळवून पाहिलेली नाही, ती आहे असे धरू नये.

प्रत्येक संकट हल्ल्यातूनच येते असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्यतनामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. पुढे दोनच आठवड्यांच्या आत, ३१ जुलै २०२४ रोजी, सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकिंग तंत्रज्ञान कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाल्याने राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिचा संपर्क तात्पुरता तोडला. तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे ऑनलाइन व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले. या दोन्ही घटनांत ज्यांचे हाल झाले, त्यांची स्वतःची चूक काहीच नव्हती. आपण कोणाकोणावर अवलंबून आहोत, त्यांच्यापैकी एक जण कोसळला तर दिवस कसा काढायचा, याचे कागदावरचे उत्तर तयार ठेवणे एवढेच त्यांच्या हाती होते. पावतीपुस्तक, ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक आणि दिवसभराच्या आरक्षणांची छापील यादी ही साधने जुनाट वाटतील, पण अशा दिवशी तीच कामास येतात.

हल्लेखोर वेळही पाहून निवडतात. कासेयावरील हल्ला अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला जोडून आलेल्या सुट्टीच्या तोंडावर झाला. आपल्याकडे चवथीच्या दिवसांत कार्यालयाला कुलूप लावून मालक गावी गेलेला असताना असे घडले, तर पहिला दूरध्वनी कोणाला करायचा? ६ तासांचे घड्याळ सुट्टी ओळखत नाही. नव्या नियमांप्रमाणे वैयक्तिक माहिती फुटल्यास डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर कळवावे लागेल आणि ज्यांची माहिती गेली त्यांनाही सांगावे लागेल. बँक खात्यातून पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक. हे सारे एका पानावर लिहून ते पान स्वागत कक्षात व मालकाच्या घरी लावलेले असणे, हे सल्लागाराच्या कामाचे दृश्य फळ होय. तहान लागल्यावर विहीर खणायची नसेल, तर हे पान शांततेच्या दिवसांतच लिहावे लागते.

जबाबदारी हस्तांतरित होत नाही

येथे सल्लागाराची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. व्यवसायाच्या वतीने दुसरा कोणी माहिती हाताळत असला, तरी ग्राहकांच्या माहितीचे उत्तरदायित्व व्यवसायाचेच राहते, अशी २०२३ च्या कायद्याची भूमिका आहे. सल्ला बाहेरून घेता येतो, जबाबदारी बाहेर सोपविता येत नाही. मालक स्वतःच सर्वांना एकच पासवर्ड देत असेल, नोकरी सोडलेल्याचे खाते बंद करण्यात चालढकल करीत असेल आणि तिमाही बैठकीला ‘आज वेळ नाही’ म्हणत असेल, तर उत्तमातला उत्तम सल्लागारही केवळ अहवाल लिहिण्यापलीकडे काही करू शकत नाही. त्यामुळे नकार पचविण्याची तयारी दोन्ही बाजूंनी हवी. सल्लागाराने अप्रिय गोष्ट लेखी सांगावी आणि मालकाने ती मान्य नसल्यास तसे लेखी नोंदवावे. हा अविश्वास नव्हे, हिशेबीपणा आहे.

बाजारपेठेतील छोट्या दुकानदाराला सनदी लेखापाल कामावर ठेवणे परवडत नाही, पण त्याचा सल्ला तो घेतोच. तंत्रज्ञान सल्लागाराची तुलना अनेकदा या नात्याशी केली जाते. ती बऱ्याच अंशी योग्य असली तरी एक फरक विसरता कामा नये. सनदी लेखापालावर १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचे नियंत्रण आहे; गैरवर्तन केल्यास त्याच्यावर कारवाई होऊ शकते. तंत्रज्ञान सल्लागारासाठी अशी नोंदवही नाही, शिस्तपालन समिती नाही. सुरक्षा लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थांची यादी ‘सर्ट-इन’ प्रसिद्ध करते, मात्र सर्वसाधारण सल्ला देण्यासाठी कोणतीही पात्रता बंधनकारक नाही. म्हणून येथे करारपत्र हीच आचारसंहिता. चाव्यांची मालकी, कमिशनचा खुलासा, तिमाही बॅकअप चाचणी, संकटकाळी प्रतिसादाची वेळ आणि करार संपल्यावर सर्व माहिती व अधिकार किती दिवसांत सुपूर्द होतील, ही पाच कलमे त्यात असतील, तर पुढचे बरेच वाद टळतात. वर्षाच्या कराराआधी तीन महिन्यांचे परीक्षाकालीन काम द्यावे. त्या अवधीत संपूर्ण व्यवस्थेची यादी आणि धोक्यांचा क्रम मालकाला समजेल अशा मराठीत किंवा कोकणीत मांडता आला नाही, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

एकट्या व्यावसायिकाला हा खर्चही जड वाटत असेल, तर औद्योगिक वसाहतीतील शेजारी, बाजारपेठेतील व्यापारी संघटना किंवा एकाच भागातील पतसंस्था मिळून एक सल्लागार नेमू शकतात. सहकाराची परंपरा असलेल्या समाजाला ही कल्पना नवी नाही. मात्र सामायिक सल्लागार नेमला तरी प्रत्येकाच्या चाव्या वेगळ्या आणि ज्याच्या त्याच्या हाती असाव्यात, ही अट तेथे दुपटीने लागू होते.

मे महिन्यात कौलारू घरांची शाकारणी केली जाते. कौले परतणारा कसबी माणूस बाहेरून येतो, फुटलेली कौले दाखवितो, बदलतो आणि निघून जातो. छप्पर घरमालकाचेच राहते आणि पाऊस आला की गळते कुठे हे पाहण्याची जबाबदारीही त्याचीच. चांगल्या तंत्रज्ञान सल्लागाराकडून याहून अधिक मागू नये आणि याहून कमी स्वीकारू नये. मे २०२७ फार लांब नाही. फुटकी कौले मोजण्याचे काम आताच सुरू झालेले बरे.